ठमी कासारणीचे उठून गेलेले डोळे

शके सतराशे नव्वद, महिना मार्गशीर्ष, दिवस कडाक्याच्या थंडीचे. नीट पांघरून घ्या आणि ऐका.

चंद्रावळी नावाच्या नगरीत ठमी नावाची एक कासारीण होती. नवरा गलबतावर गेलेला, म्हणून ती भावाच्या घरी राही. एके दिवशी तिने नथ मोडली आणि बाजारात बांगड्यांचे छोटेसे दुकान मांडले. भावजय म्हणाली, "होळीपर्यंत काय तो खेळ मांडा, वन्सं. नाही चालला, तर मुकाट्याने माझी भांडी घासायला या."

दुकान चांगले होते, बरं का. पण बरोबर समोर होते सगुणा कासारणीचे जुने दुकान. तिथे बायकांची ही झुंबड! ठमी समोर पाही आणि जळफळे.

सगुणेने दारात पोपट टांगला. तो म्हणे, "या बाई, बसा बाई!" मग ठमीनेही धर्मशाळेतून एक पोपट विकत आणला. त्याला तिथली सवय. गिऱ्हाईक टेकले रे टेकले, की तो ओरडे, "उठा आता, निघा आता!" बायका उठत आणि निघत.

मग सगुणेने दूरदेशीच्या नाजूक, केसासारख्या बारीक बांगड्या आणल्या. ठमीनेही तशाच आणल्या. आता, ठमीकडे येत त्या खुरपणीच्या बायका. बांध ओलांडायच्या आत त्यांच्या बांगड्या वाढल्या. बांगडी फुटली असे म्हणू नये, वाढली म्हणावे, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

मग तिसरी गोष्ट घडली. ठमी एका सोनारणीला बांगड्या भरत होती. हात सोनारणीचा आणि नजर सगुणेच्या पायरीवर. कच्चकन काच मोडली, मनगटातून रक्त आले.

"अगं बये, माझा हात इकडे आहे!" सोनारीण कळवळली.

त्याच क्षणी काय झालं, ठाऊक आहे? ठमीचे दोन्ही डोळे टप्, टप् उडाले, रस्ता ओलांडून गेले आणि सगुणेच्या बांगड्यांच्या पेटीत काळ्या मण्यांसारखे जाऊन बसले! इकडे पापण्या मिटल्या, त्या उघडेनात. ठमीला आपले दुकान दिसेना. दिसे ते फक्त सगुणेचे दुकान, सकाळपासून सांजवेळेपर्यंत. तेथील गर्दी पाहून ती जळे, तिला रडू येई, पण आसवांना वाहायला डोळेसुद्धा जवळ नव्हते.

मग एक म्हातारी कुंभारीण आली. ठमी म्हणाली, "बसा आजी. समोर बघा, कशी रांग लागली आहे ती!"

"तिची रांग तिला लखलाभ. माझी बोटं आखडली आहेत, तेवढं बघ."

दिसत तर नव्हते. मग ठमीने तो हात मांडीवर घेतला आणि चाचपला. अंगठ्याचे हाड, तळव्याचे घट्टे, मातीने फुटलेली कातडी. हळूहळू दाबत, तेल लावत तिने एकेक बांगडी सरकवली. एकही वाढली नाही. म्हातारीने जाऊन शेजारणींना सांगितले. मग खुरपणीच्या बायका आल्या. ठमीने त्यांचे हात चाचपून त्यांना जाड, दणकट बांगड्या भरल्या. पोपट धर्मशाळेत परत गेला. दुकान चालू लागले.

अशात राजकन्येचे लग्न ठरले. हिरवा चुडा भरायला दोघी कासारणींना बोलावणे आले. राणीसाहेब म्हणाल्या, "जिच्या हातून एकही वाढणार नाही, तीच यापुढे राजघराण्याची कासारीण."

राजकन्या लहानपणी घोड्यावरून पडली होती. अंगठ्याचे हाड वर आलेले. सगुणा पुढे झाली. तिचा हात चपळ. पण पहिलीच बांगडी कच्चकन वाढली. सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

मग ठमीने तो हात मांडीवर घेतला. सगुणेची पेटी शेजारीच उघडी होती आणि त्यात ते डोळे. सगुणा रडू लागली, आणि आजवर जे पाहायला ठमी तडफडत होती, ते अगदी समोर आले! मागून कोणी कुजबुजले, "ठमे, बघ तरी तिचं तोंड!"

ठमीचे मन क्षणभर तिकडे धावले. बोटांखाली राजकन्येचा हात आक्रसला.

"मला सवड नाही, बाई," ठमी म्हणाली. "ताईसाहेब, हात सैल सोडा. दुखतं का इथं? मग आपण या बाजूने जाऊ." एक सरकली, दुसरी सरकली, सारा चुडा भरला.

आता, ज्या डोळ्यांना कोणी विचारीत नाही, त्यांनी परक्या पेटीत बसून करायचे काय? ते कंटाळले आणि टप्, टप् घरी आले. ठमीने पापण्या उघडल्या. समोर होता हिरव्यागार काचांनी भरलेला एक हात.

मत्सर कायमचा गेला का? छे! सगुणेकडे गर्दी झाली की ठमीला अजूनही खुपे. पण मांडीवर कोणाचा हात असला की तिची नजर तिथून हलत नसे. ठमी राजघराण्याची कासारीण झाली, तरी सगुणेचेही दुकान चालतच राहिले. नवरा गलबतावरून परतला. ठमीने स्वतःचे घर केले आणि सारी सुखाने नांदली. भावजय बांगड्या भरायला येई आणि मुकाट्याने रांगेत बसे.

निजा आता, कुशीवर वळा. राजकन्येचा चुडा भरून ठमीचे दुकान टिकले तो दिवस होता फाल्गुन शुद्ध दशमी, भावजयीने दिलेल्या होळीच्या मुदतीच्या अलीकडचा.