सरकारांच्या जीपची मागची पाटी

"मागची पाटी कुठाय?" हवालदारानं जीपला एक वळसा घालून विचारलं.

आम्ही मिशीवरून हात फिरवला. "आम्ही कोण, हे माहीत नाही वाटतं?"

"न्हाई ना! म्हणून तर पाटी लागती!"

आम्ही म्हणजे माळशिंगीचे राजे. राज्य आजोबांच्या वेळीच गेलं. आमच्या वाट्याला आली एक जीप, एक दिवाणजी, एक ड्रायव्हर आणि चार राज्यांना पुरून उरेल एवढा हट्ट. लढायला शत्रू नाही, म्हणून आम्ही डोंगरांवर स्वारी करतो. जिथे रस्ता नाही तिथून जीप घालायची, हा आमचा शौक. घालतो अर्थात ड्रायव्हर बिरू कोळेकर. आम्ही शेजारी दांडा घट्ट धरून बसतो आणि डोळे मिटून 'हाण!' म्हणतो.

जीपची मागची नंबराची पाटी बंपरखाली एका पट्टीला लोंबत असे. जीप खडकावरून खाली उतरली की मागचं अंग दगडाला घासे आणि पाटी गळून पडे. नवी लावली की पुढचा डोंगर तीही खाई. त्या दिवशी हवालदारानं आम्हाला शेळ्यांच्या टेम्पोमागे उन्हात उभं केलं. शेळ्या सुटल्या, तरी आम्ही तिथेच!

घरी आलो ते तणतणतच. हवालदारावर राग काढता येईना, म्हणून बिरूवर काढला.

"बिरू! पाटी मागेच दिसली पाहिजे. दगडाला लागता कामा नये. आणि आजोबांच्या जीपला एकसुद्धा नवं भोक पडता कामा नये! उद्या दुपारपर्यंत जमव, नाहीतर किल्ली ठेव आणि घरी जा!"

बिरूचा चेहरा एवढासा झाला. मिसरूड फुटल्यापासून तो ती जीप चालवत होता, दुसरं काही त्याला येत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही वाईट वाटलं. बिरू गेला तर जीप चालवणार कोण? आम्हाला मागे घेता येत नाही. जीपही नाही आणि शब्दही नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दरबार भरला. वेल्डिंगवाला म्हणाला, "मागच्या दाराला वर दोन भोकं पाडतो, दहा मिनिटांत काम!"

"खबरदार!" आम्ही ओरडलो. तो आपलं सामान उचलून निघून गेला.

दिवाणजींनी पाटी डिंकानं चिकटवली. जीप फाटकापर्यंतही पोचली नाही, पाटी आधीच खाली! मग आम्ही स्वतः अक्कल पाजळली. "कापडावर नंबर रंगवा आणि निशाणासारखा मागे फडकवा!" फक्त दिवाणजी 'वा!' म्हणाले. ते आम्ही शिंकलो तरी वा म्हणतात.

ऊन डोक्यावर आलं. बिरूनं खिशातून किल्ली काढली आणि वाकून पायरीवर ठेवली.

"थांबा, आबा!" त्याची मुलगी वैजू बापाची भाकरी घेऊन आली होती. "सरकार, भोक नगं, एवढंच ना? मग मला पाना द्या."

जीपच्या मागच्या दारावर स्टेपनी असते, जास्तीचं चाक. ती तीन नटांनी आवळलेली. वैजूनं भाकरीचं फडकं बापाच्या हातात दिलं, ते नट सोडवले, पाटीची पट्टी त्याच बोल्टांत सरकवली आणि नट पुन्हा गच्च आवळले. पाटी स्टेपनीच्या ऐन मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर! दगड तिथवर पोचायचा तर त्याला उडीच मारावी लागली असती.

पण एवढ्यात हरलो तर आम्ही राजे कसले?

"चाकावर पाटी?" आम्ही गरजलो. "अगं, चाक फिरलं की पाटीही गरगर फिरेल! नंबर उलटा होईल!"

"सरकार, ह्ये चाक फिरत न्हाई. ह्ये मानाचं हाय, नुसतं बसून असतंय. राबत्यात ती खालची चार!"

अंगणातल्या सगळ्यांनी आधी स्टेपनीकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. आम्ही खुर्चीत जरा सावरून बसलो. दिवाणजींच्या तोंडून सवयीनं 'वा!' निघून गेलं.

आता मात्र आम्ही चिडलो आणि चिडल्यावर आम्हाला एक खरोखरच बिनतोड मुद्दा सुचला. असं क्वचित होतं, म्हणून आम्ही तो उभं राहून मांडला.

"ठीक आहे! पण वाटेत एखादं चाक पंक्चर झालं, तर? ही स्टेपनी काढून खाली लावावी लागेल. मग वरची जागा रिकामी! तेव्हा तुझी पाटी कोणावर बसणार?"

बिरूनं डोळे मिटून घेतले. वैजूनं पाना खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

"सरकार, एक उठलं की त्याच जागी दुसरं बसतंय. पंक्चर झालेलं चाक काय रस्त्यात टाकून येनार? त्येच वर चढवायचं, त्याच नटांत, आन् पाटी त्याच्यावर!" ती आमच्याकडे बघून हसली. "पंक्चर झालेलं का असंना, गादी कधी रिकामी ऱ्हाती व्हय?"

बिरूनं कपाळावर हात मारला. दिवाणजी 'वा' म्हणायला विसरले. आणि आमच्या पोटातून जे हसू उसळलं, ते काही केल्या थांबेना. फेटा सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, धपकन बसलो तर खुर्चीचा एक पाय मोडला. पंक्चर झालेलं का असंना! आमच्या घराण्याचा इतका खरा इतिहास कोणी एका वाक्यात सांगितला नव्हता.

पायरीवरची किल्ली उचलून आम्ही ती बिरूच्या हातात दिली. मग वाडवडिलांच्या थाटात बोटातली सोन्याची अंगठी वैजूला द्यायला गेलो, तर ती निघेचना! बोट वर्षानुवर्षं बसून जाड झालेलं. शेवटी दिवाणजींनी साबण आणला, बिरूनं मनगट धरलं, वैजूनं अंगठी ओढली आणि आम्ही हसत हसत ओरडलो, "हाण!"