आवडाक्काने न सांगितलेली गोष्ट

एका राज्यात एक राजा होता, मणिकर्ण त्याचं नाव. त्याला शिकारीचा नाद नव्हता, जुगाराचा नव्हता. त्याला नाद होता दुसऱ्याची दुःखं ऐकण्याचा. दरसाल चैत्री पुनवेला तो दरबार भरवी. गावोगावच्या अन्नछत्रांचे कारभारी तिथे येत आणि आपल्या गावातलं एक दुःख राजापुढे मांडत. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर गावाला वर्षाचं धान्य. नाही आलं तर गाड्या रिकाम्या परत. गाव खरंच उपाशी आहे का, हे गावाचं पोट पाहून नव्हे, राजाचे डोळे पाहून ठरे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा हा प्रकार, आणि भाट त्याला दानधर्म म्हणून गात.

राजाचा मांत्रिक तमोनाथ सिंहासनाशेजारी उभा असे. राजाचा अश्रू ओघळला की तो खाली पडण्याआधी झेली. झेललेल्या अश्रूचा मोती होई, आणि मोती तळघरातल्या कोशात जाई.

या राज्यात सातओहळ नावाचं गाव होतं. तिथलं अन्नछत्र आवडाक्का चालवी. तिची वाणी अशी, की दगडाला पाझर फुटावा. कुठे थांबावं, कुठे आवंढा गिळावा, हे तिला बरोबर ठाऊक. बारा वर्षांत तिच्या गाड्या एकदाही रिकाम्या परतल्या नाहीत. गाव तिला देवीच मानी.

त्याच बारा वर्षांत गावातली बारा माणसं मुकी झाली. पहिला भिवा नावाडी, ज्याची बायको राही आणि तान्हं लेकरू पटकीच्या साथीत गेलं होतं. मग साळी, मग गुरवीण, असा दरसाल एक. "दुःखानं वाचा गेली," असं लोक म्हणत आणि कामाला लागत.

तेराव्या वर्षी आक्काने हिराई कुंभारणीची गोष्ट निवडली. हिराईची लेक साप चावून गेली होती. गाड्या निघताना हिराई आडवी आली.

"आक्का, माझ्या पोरीचं नको सांगू. मलाच अजून तिच्यासाठी नीट रडता आलं नाही."

"हिराई, चारशे तोंडं आहेत गावात. मी काय करू, सांग."

चारशे तोंडांपुढे हिराई काय बोलणार? ती बाजूला झाली.

राजवाड्याच्या वेशीवर पळसाचं झाड होतं. त्यावर एक भारद्वाज बसला होता. तांबड्या डोळ्यांनी आक्काकडे पाहून तो म्हणाला, "थांब, बाई. तुझ्या गावची माणसं मुकी का झाली, ठाऊक आहे?"

"दुःखानं."

"दुःखानं माणूस विव्हळतो, मुका होत नाही. त्याची गोष्ट त्याला न विचारता दुसऱ्यानं विकली, की मुका होतो. एकेका मोत्यात एकेकाची वाचा आहे. उद्या हिराईची जाईल."

आक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग राजाचा आला, त्या मांत्रिकाचा आला, आणि सगळ्यांहून अधिक स्वतःचा आला. हिराईने तोंड उघडून सांगितलं होतं, आणि आपण तिला चारशे तोंडं दाखवली.

"उपाय सांग," ती म्हणाली.

"तीन कामं आहेत. दरबारात जा आणि गोष्ट सांगू नकोस. कोशातून तुझ्या गावचे मोती घे. आणि तू जी गोष्ट कधीच सांगितली नाहीस, ती ज्याला ऐकायचा हक्क आहे त्या माणसाला सांग. पहिली दोन होतील तुझ्यानं. तिसरं अवघड आहे."

आक्काचा चेहरा उतरला. ती न सांगितलेली गोष्ट कोणती, हे तिला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली.

"यंदा काय आणलंस?" राजाने विचारलं.

"काही नाही, महाराज."

"गावात कोणी मेलं नाही?"

"मेली. त्यांची गोष्ट त्यांच्या माणसांची आहे. मी फक्त भूक आणली आहे. द्यायचं तर तिच्यासाठी द्या."

तमोनाथ हसला. "नुसती भूक सगळेच आणतात, बाई."

"मग सगळ्यांनाच द्यायला हवं होतं."

राजाने हाताने खूण केली. सातओहळच्या गाड्या रिकाम्या परतणार होत्या.

आक्का बाहेर पडली ती थेट तळघरात उतरली. कोशावर सात फड्यांचा नाग होता.

"तुझा मोती कोणता?" नागाने विचारलं.

"माझा नाही. माझी गोष्ट मी कुणाला सांगितलीच नाही."

"म्हणजे दुसऱ्यांची दुःखं वाटलीस आणि स्वतःचं राखून ठेवलंस."

"हो."

"इथं येऊन खरं बोलणारी तू पहिली," नाग म्हणाला, आणि शेपटीने बारा मोती तिच्याकडे लोटले.

आक्का गावी परतली. सकाळी सगळा गाव छत्रापुढे जमला. रिकाम्या गाड्या पाहून कुजबुज सुरू झाली. आक्काने बारा जणांच्या हातावर बारा मोती ठेवले. काहीच झालं नाही. मग ती भिवासमोर उभी राहिली. आज तिला कुठे थांबावं ते सुचेना, आवंढा आपोआप येत होता.

"भिवा, पटकीच्या साथीत छत्रात साठ माणसं होती. साथ आत येऊ नये म्हणून मी दाराला अडसर घातला. दुपारी राही आली, लेकराला घेऊन. म्हणाली, 'आक्का, मला नको घेऊ, लेकराला तरी घे.' मी आतून दाराला पाठ लावून उभी होते. अडसर काढला नाही. तिन्हीसांजेला तिचा आवाज थांबला. तुला सांगितलं, वाटेतच गेली म्हणून. आणि पुढच्या चैत्रात तीच खोटी गोष्ट राजापुढे रडून सांगितली आणि धान्य आणलं."

कालपर्यंत देवी म्हणणाऱ्या गावाने माना खाली घातल्या. कुणी तिच्याकडे बघेना.

तेवढ्यात भिवाच्या तळहातावरचा मोती विरघळला. मग बाकीचे अकरा विरघळले. तिकडे राजधानीत कोशातल्या साऱ्या मोत्यांचं पाणी झालं. ते पायऱ्या चढून दरबारात आलं, आणि तमोनाथ त्यात मिठासारखा विरून गेला. त्या पाण्यातून शेकडो माणसं एकदम बोलत होती. राजाने कानांवर हात ठेवले, तरी त्याला सगळं ऐकू आलं. त्याच दिवशी धान्याची कोठारं उघडली, आणि पुढे त्या राज्यात धान्य मागणाऱ्याला कुणी रडून दाखवायला सांगितलं नाही.

इकडे भिवाने ओठ हलवले. आवाज घोगरा होता.

"लेकराला तरी घे, असं म्हणाली?"

"हो."

"मला वाटायचं, वाटेत एकटीच पडली असेल, कुणाशी एक शब्द न बोलता." त्याने ओला तळहात मिटला. "तुला माफ करीन का, ठाऊक नाही. आज तरी नाही. पण आता तू खाली बस, आक्का. राहीची गोष्ट मी सांगतो."

आक्का सगळ्यांच्या मागे, मातीत बसली. हिराई उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

भिवा म्हणाला, "राहीला पाण्याची लई भीती. तरी लग्न केलं नावाड्याशी. पहिल्या दिवशी नावेत बसली ती डोळे मिटून, आणि पैलतीर आला तरी उघडीना."

आणि बारा वर्षांत पहिल्यांदा राहीच्या नावाने गाव हसला.