दगडाला विचारणारी टिटवी

फार पूर्वी मगरींचे दात पाखरं साफ करत. त्या कामासाठी प्रवेश परीक्षा असे: दगडाच्या फटींतले दाणे झटपट टिपायचे. खंड्या पहिला आला. टिटवी नापास झाली, कारण ती दर फटीपाशी थांबून विचारायची, "दुखत नाही ना?"

"अगं, दगडाला कसलं दुखणं!" सगळे हसले, दाढदुखीनं बेजार झालेली मगरआजीसुद्धा.

खंड्यानं आजीच्या तोंडात चोच खुपसली मात्र, ती अशी कळवळली की तो जबड्यात सापडता सापडता वाचला.

"त्या दगडाशी बोलणारीला बोलवा रे!" आजी ओरडली.

टिटवीनं विचारत विचारत दाढेत रुतलेला काटा काढला. आजीच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. "पोरी, तुझे उपकार जन्मात विसरायची नाही गं."

पुढच्या वर्षीही परीक्षा झाली. दगडाच्या जागी मगरआजी स्वतः आ वासून बसली होती.