तीन काठ्या आणि एक तान्ही

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजेसुद्धा काचा मारून मैदानात खेळायला उतरत.

अशाच एका राजाला चेंडूचा एक खेळ फार आवडे. मैदानाच्या या टोकाला उभं राहायचं, लाकडी चेंडू काठीनं टोलवत न्यायचा आणि त्या टोकाच्या खड्ड्यात घालायचा. काठीला खाली लोखंडी पातं असे. चेंडू दूर मारायचा तर लांब दांड्याची काठी, खड्डा जवळ आला की आखूड दांड्याची, आणि अधल्यामधल्या पल्ल्याला मधली.

राजाला एका गोष्टीचा अभिमान होता. "माझ्या राज्यात सगळ्यांना सारखं," असं तो येताजाता म्हणे. वेशीजवळचं गाव असो की डोंगरापलीकडचं, वाड्याच्या चुलींसाठी प्रत्येक गावानं दर महिन्याला एक गाडी लाकूड आणायचं. डोंगरापलीकडचे लोक कुरकुरत. राजाला काही ते उमगत नसे. सगळ्यांना एकच गाडी, मग कुरकुर कसली?

राजाच्या काठ्या घडवणारा म्हातारा लोहार वारला. पाठोपाठ त्याच्या मुलाचा हात भट्टीत भाजला. आणि नेमकी तेव्हाच वाड्यावरून आज्ञा आली. तीन नव्या काठ्या हव्यात, तिन्ही हाताला सारख्याच जड लागणाऱ्या. जमलं नाही तर वाड्यानं दिलेली भट्टी आणि तिला लागून असलेलं घर दुसऱ्या लोहाराला जाईल.

आता घरात धडके हात उरले ते सुनेचे. ती एका तान्ह्या लेकीची आई. भाता ओढायची, घण मारायची तिला सवय होती, पण काठी तिनं कधी जुळवली नव्हती.

"आत्याबाई, मामंजी कसं करायचे हो?" तिनं सासूला विचारलं.

"काठी उचलायचे, हवेत फिरवायचे आणि 'हं' म्हणायचे. मग कानस घेऊन पातं घासायचे. पुन्हा 'हं'."

"हं म्हणजे जमलं, की हं म्हणजे नाही जमलं?"

"मला जन्मभर कळलं नाही बाई. माझी भाकरी खाऊनही हंच म्हणायचे."

नवरा खाटेवरून म्हणाला, "एवढा घोळ कशाला? राजाच म्हणतो ना, सगळ्यांना सारखं. तिन्ही पाती तराजूत सारखी कर, झालं."

तिला ते पटलं. तिनं पाती जोखली, घासली, पुन्हा जोखली. गुंजेचाही फरक राहू दिला नाही. मग पात्यांच्या नेढ्यांत, म्हणजे भोकांत, धावड्याच्या चिवट लाकडाचे दांडे घातले, पाचरी ठोकल्या आणि काठ्या वाड्यावर नेल्या.

राजानं लांब काठी फिरवली. हात मागे राहिला, चेंडू अर्ध्यात पडला. आखूड काठी फिरवली. हात पुढे पळाला, चेंडू खड्डा ओलांडून गेला.

"ही जड आहे आणि ती हलकी आहे," राजा म्हणाला.

वाड्याच्या तोलाऱ्यानं पाचरी काढून पाती जोखली. "महाराज, तिन्ही अगदी सारखी."

"मग माझा हात खोटं बोलतो?"

तोलाऱ्यानं पुन्हा जोखून पाहिलं, वजन तेच. राजाही गोंधळला. त्यानं तिला पुढच्या बाजारदिवसापर्यंत मुदत दिली.

ती घरी आली ती डोक्यात गुंता घेऊनच. तिनंही काठ्या फिरवून पाहिल्या. खरंच, लांब काठी जड लागत होती. पण तराजू तर तिनं स्वतः धरला होता. मीठमिरची ज्याच्या भरवशावर घ्यायची, तो तराजू खोटा कसा असेल? आणि आपला हात खोटा म्हणावा, तर राजाचाही तसाच खोटा?

"लांब दांडा कापून टाक," नवरा म्हणाला.

"मग तो लांब कसा राहील?"

"राजाच्या खांद्याला तेल चोळायला सांग," सासू म्हणाली.

तिचं कशातच लक्ष लागेना. तशातच तान्ही रांगत भट्टीकडे निघाली. ती धावली. तिच्या लुगड्यावर घासलेल्या लोखंडाचा टोचरा कीस होता. तो पोरीला लागू नये म्हणून तिनं लेकीला दोन्ही हात लांब करून उचललं आणि तशीच अंगण ओलांडून गेली. ओट्यापाशी पोचेपर्यंत तिचे हात थरथरायला लागले.

एवढी जड कधी झाली ही? तिनं पदर झटकला, लेकीला कडेवर घेतलं. फुलासारखी हलकी. पुन्हा लांब धरलं. जड. पुन्हा कडेवर. हलकी. पोरीला तो खेळच वाटला, ती खिदळायला लागली.

"अगं, पोरीला काय काठी समजलीस का?" सासू ओरडली.

ती थबकली.

"हं," ती म्हणाली.

मग तिनं कानस घेतली. लांब काठीचं पातं घासून हलकं केलं. आखूड काठीच्या पात्याला लोखंडाचा तुकडा जोडून ते जड केलं. मधलं तसंच ठेवलं. काठ्या फिरवत राहिली, घासत राहिली, हात तिन्हींना सारखं म्हणेपर्यंत.

बाजारदिवशी तोलाऱ्यानं पाती जोखली आणि कपाळाला हात लावला. "महाराज, ही तर शुद्ध फसवणूक आहे. एकाचं वजन दुसऱ्याला नाही."

ती पुढे झाली. "मला नीट सांगता नाही येत, महाराज. तुम्ही हिला धरा."

तिनं लेक राजाच्या हातात दिली. "आता हात लांब करा. आता छातीशी घ्या."

राजानं तसं केलं. पुन्हा केलं. मग लेक परत देऊन, डोळे मिटून त्यानं तिन्ही काठ्या फिरवल्या. त्याच्या हाताला तिन्हींचा भार वेगळा लागेना.

तेवढ्यात फाटकातून डोंगरापलीकडची गाडी आत आली. बैलांच्या तोंडाला फेस होता, गाडीवानाला धड उभंही राहवत नव्हतं. वेशीजवळच्या गावाची गाडी केव्हाच रिकामी होऊन बैल रवंथ करत बसले होते. दोन्ही गाड्यांनी आणलेलं लाकूड मात्र सारखंच.

राजानं हातातल्या लांब काठीकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं.

"हं," तो म्हणाला.

लोहाराची भट्टी आणि घर दोन्ही राहिली. पुढच्या महिन्यापासून डोंगरापलीकडून अर्धीच गाडी येऊ लागली आणि वेशीजवळून दीड. आता वेशीजवळचे लोक कुरकुरू लागले. तेव्हा राजानं त्यांना लाकडाची एक मोळी हात लांब करून धरायला सांगितली.

बोध: ओझं वाटून देताना ते किती आहे एवढंच बघू नये, कोणाला ते किती लांबून पेलायचं आहे तेही बघावं.