कणसांवरच्या पिशव्या

"...पण नेमका दिवस कोणता, तात्या? ज्वारीचं ते ताट तुम्हाला सापडलं तो?"

दिग्दर्शक हृषीकेश पारखी तिसऱ्यांदा विचारत होता. एका पावसावर येणारी ज्वारी तात्या बनसुडे यांनी माणदेशातल्या याच रानात घडवली. त्यांच्या आयुष्यावरचा सिनेमा त्या एका प्रसंगापाशी अडून बसला होता.

मी त्या सिनेमाचा संवादलेखक.

"दिवस असा नाही," तात्या म्हणाले. "एकवीस वर्षं उपटत होतो. बाविसाव्या वर्षी एक ठेवलं."

"एकवीस वर्षं पडद्यावर दाखवू कशी?"

तात्या धोतरावरची कुसळं काढू लागले.

पारखीला गप्प बसणं जमत नसे. दोन पुरस्कारांनी माणूस जेवढा चढतो, त्याहून तो जरा जास्तच चढला होता. "चला, आजची फ्रेम तरी बघा. रान कसं देखणं दिसतंय," असं म्हणत तो त्यांना शेतात घेऊन गेला.

एक्याऐंशी वर्षांचे तात्या बांधावरच थांबले.

समोर तात्यांच्या नव्या वाणाच्या साठ ताटांची एक ओळ. कालपर्यंत तिथल्या प्रत्येक कणसावर खाकी कागदाची पिशवी होती. आज कणसं उघडी होती, वाऱ्यावर डुलत होती. पिशव्या बांधावर नीट रचून ठेवल्या होत्या.

"शॉटमध्ये फार वाईट दिसत होत्या. सकाळीच काढायला लावल्या," पारखी म्हणाला. "परत घालू की."

"फुलोरा आलाय," तात्या हळू म्हणाले. "शेजारच्या रानातला पराग आत गेला. आता याचं बी याचं राहिलं नाही."

"म्हणजे?"

"या वाणाची सात वर्षं गेली."

पारखीचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

तात्यांनी धोतर खोचलं आणि पहिलं ताट मुळासकट उपटलं. मग दुसरं. प्रत्येक ताट उपटण्याआधी ते त्याला शेंड्यापासून बुडापर्यंत बघून घेत. घाई नाही, त्रागा नाही.

"तात्या, रागवा तरी," पारखी कसाबसा म्हणाला.

"कुणावर? एकदा गारपीट झाली. एकदा उंदरांनी खाल्लं. एकदा तर ताटांच्या नावाच्या चिठ्ठ्या मीच चुकीच्या बांधल्या."

"मग काय केलंत?"

"उपटलं. पेरलं."

कॅमेरा तयार होता. तो सुरू करायचा धीर कुणाला झाला नाही.

ओळीच्या टोकाला तात्या थबकले. शेवटचं ताट वाढीत मागं राहिलं होतं. त्याचं कणीस नुकतंच बाहेर पडलं होतं, अजून फुललं नव्हतं. ते त्यांनी ठेवलं. वाकून त्यावर पिशवी चढवली, दोरा बांधला.

साठांतलं एक...

देवळात गेलो तरी माझे हात सहसा खिशातच असतात. त्या उपटलेल्या ओळीपाशी ते आपोआप जोडले गेले. इतकं मोठं काही मी याआधी पाहिलं नव्हतं.

पारखी ढेकळांत बसून होता. त्याने विचारलं, "या एका ताटापासून वाण तयार व्हायला...?"

"अजून सात वर्षं. आठही."

"पण तात्या... तुमचं वय..."

तात्यांनी हातावरची माती झटकली.

"माझ्या वयाचं तुम्ही बघा. ज्वारीचं मी बघतो."