दरीतली भिरभिरी

गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा वारा माणसांशी बोलत असे. एका खोल दरीत एक राज्य होतं. तिथली माणसं जमिनीतून काळा दगड खणून काढत आणि तो जाळून चुली नि दिवे पेटवत. धूर दरीतच साठून राही. मुलांना चांदण्या फक्त गोष्टींतून ठाऊक होत्या.

तिथे एक बुरूडीण राहत होती. तिचा नवरा खाणीत उतरे आणि रोज कालच्यापेक्षा जास्त खोकत घरी येई. तिचा जीव त्या खोकल्यापाशी अडकलेला असे.

एकदा राजाने दवंडी पिटवली, "धूर फार झाला. ज्याने त्याने आपल्या छपरावर भिरभिरं लावावं. ते फिरलं की चुलीत ऊब आणि दिव्यात उजेड येईल." एवढं करून राजा निवांत झाला.

बुरडिणीने बांबूच्या कामट्यांची शेकडो भिरभिरी विणली. घरोघरी ती लागली, पण हलेनात. दरीत वाराच नव्हता. लोक छपरावर चढून गाल फुगवून फुंकत, तेव्हा काजव्याएवढा उजेड पडे आणि विझे. राजा म्हणाला, "प्रजाच आळशी."

बुरडिणीला राग आला. ती तडक डोंगरमाथ्यावर गेली. तिथे वारा गवतावर लोळत होता.

"बाबा रे, खाली का येत नाहीस?"

"मी उंचावरून जाणारा," वारा म्हणाला. "इथे मोठी चक्रं उभारा. सगळ्या दरीला पुरेन."

पण डोंगर राजाच्या शिकारीसाठी राखलेला. शिवाय शेकडो सुतार-लोहार लावायचे, दरीभर तारा न्यायच्या. हे एकटीच्या हातचं नव्हतं. ती दरबारात गेली.

"महाराज, छपरं आमची होती, ती आम्ही दिली. डोंगर तुमचा आहे."

"आम्ही दवंडी दिली होती की," राजा म्हणाला.

"दवंडीने दळण होत नाही, महाराज. माझ्या माणसाचा खोकलाही थांबत नाही."

राजा वाईट नव्हता, सुखासीन होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः डोंगर चढला. वाऱ्याने त्याचा फेटा उडवला, तेव्हा कुठे त्याला पटलं. त्याने डोंगर मोकळा केला, कारागीर बोलावले आणि चक्रांवरचं काम आधी खाणकामगारांना दिलं.

तिसऱ्या वर्षी खाण बंद झाली. धूर विरला. तिन्हीसांजेला दरीवर पहिल्यांदा चांदण्या उमटल्या आणि लोक अंगणात येऊन नुसते बघत राहिले. राजाही फिरत फिरत बुरडिणीच्या दारी आला. तिचा नवरा खोकत होता.

"अजून?" राजाने विचारलं.

"आता जन्माचाच आहे तो," बुरूडीण म्हणाली. "तुम्ही दहा वर्षं आधी डोंगर चढला असतात, तर नसता."

राजाने मान खाली घातली.

तात्पर्य: जे काम एकेका छपराच्या आवाक्याबाहेरचं असतं, ते राज्यकर्त्यानेच करायचं असतं, आणि वेळेवर करायचं असतं.