गाणं लावायच्या आधी

हेडफोनला वायर असायची, त्या काळातली गोष्ट. एका दुकानात हेडफोनचा आवाज वाढवणारे, खिशात मावणारे दोन ॲम्प्लिफायर शेजारी राहत. थोरला सारखा म्हणे, "माझ्याइतका जोर कुणात नाही." धाकटा ऐकून घेई.

एकदा गाणं शिकवणाऱ्या कुमुदताई त्यांतला एक घ्यायला आल्या. दुकानातला जुना हेडफोन त्यांनी कानांवर चढवला.

"कुठलं गाणं लावू, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"इतक्यात नको. आधी नुसतंच ऐकते."

थोरल्याला जोडताच बारीक खरखर ऐकू आली. धाकट्यात मात्र मैफल सुरू होण्याआधीची शांतता होती.

"हा द्या," धाकट्याकडे बोट दाखवत ताई म्हणाल्या.

त्या गेल्यावर थोरला धुसफुसला, "अजून गाणं सुरूसुद्धा झालं नव्हतं."

"हो ना," हेडफोन म्हणाला, "पण तू झाला होतास."